साडेसहाशें घोड्यांचा ताप

अमेरिकेंतील मोटारवेड्या मंडळींचें संभाषण ऐकावयास बसलें म्हणजे पहिलीं दहा मिनिटें अश्वशक्तीचीं असतात आणि पुढचा सारा तास उष्णतेचा. मोटारींत ज्यांना कधींच रस वाटला नाहीं अशा आमच्या वाचकांनींहि हा तास ऐकण्यासारखा आहे. कारण त्यांत यंत्राइतकीच विकणाऱ्याच्या शब्दाचीहि पारख चालते.

मूळ गोष्ट साधी आहे. पेट्रोलमध्यें जी शक्ति असते तिचा स्थूलमानानें चौथा ते तिसरा हिस्साच कामीं येतो. बाकीची बहुतेक उष्णता होऊन कांहीं धुराच्या नळीवाटे, कांहीं रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. तेव्हां अश्वशक्ति दुप्पट वापरणें म्हणजे ही टाकाऊ उष्णताहि सुमारें दुप्पट करणें होय. जाहिरातींत पहिला आंकडा ठळक अक्षरांत छापतात. दुसऱ्याचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं.

शेव्हरोलेची कॉर्व्हेट झेड-०६ ही मोटार घ्या. २०१५ सालच्या मॉडेलांत ६.२ लिटरचें, आठ सिलिंडरांचें इंजिन असून त्याची शक्ति ६५० अश्वांची होती. एवढी शक्ति मिळते ती सुपरचार्जरमुळें, म्हणजे इंजिनांत हवा दाबून भरणाऱ्या यंत्रामुळें. हवा दाबली कीं तापते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप हाताला गरम लागतो, हें घरांतील मुलेंहि सांगतील. तापलेली हवा विरळ होते, आणि तिच्यामुळें इंधन अवेळीं पेटून इंजिनांत ठोके बसूं लागतात. हौशी मालकांनीं ही मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर नेली, तेव्हां उन्हाळ्यांत थोड्याच फेऱ्यांनंतर पारा मर्यादेपलीकडे जाई, आणि इंजिन वांचविण्यासाठीं संगणक त्याची शक्ति कमी करी. विकत घेतलेले बरेचसे अश्व असे भर शर्यतींत तबेल्यांत परत जात! २०१७ च्या मॉडेलास कंपनीनें बॉनेटवर मोठे झरोके आणि सुपरचार्जरवर नवें झांकण दिलें. त्याच सालीं कित्येक मालक न्यायालयांत गेले.

फोर्डच्या शेल्बी जीटी-३५० ची कथा अशीच. २०१६ सालच्या कांहीं प्रकारांत गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचें तेल निववणारे कूलर नव्हते. जास्त पैसे मोजून ट्रॅकचा सरंजाम घेणाऱ्यास मात्र ते मिळत. २०१७ च्या मॉडेलपासून ते सर्वांसच मिळूं लागले, आणि आदल्या वर्षींच्या गिऱ्हाइकांनीं दावा लावला.

यावर मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही रस्त्यावरची मोटार. संगणकानें इंजिन जळूं दिलें नाहीं याबद्दल आभारच माना. दुसरा म्हणतो, ट्रॅकवर पळविण्याजोगी म्हणून जी खपविली, ती तेथें टिकलीच पाहिजे. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. पुरणपोळीचें ताट मांडून दोन घांसांनंतर तें उचलून नेणाऱ्या यजमानास कोणी पाहुणचार म्हणत नाहीं.

उपायांची चर्चा तर याहून मनोरंजक आहे. कारखान्याचा थर्मोस्टॅट सामान्यतः १८० ते १९५ अंश फॅरनहाइटच्या सुमारास उघडतो. तो काढून १६० अंशांचा बसवा, हा सल्ला कोणीहि फुकट देतो. पण थर्मोस्टॅट हें केवळ दार आहे. तें लवकर उघडलें म्हणून रेडिएटर मोठा होत नाहीं. फार तर पारा चढावयास थोडा उशीर लागतो. पाणी रेडिएटरमधून सावकाश गेलें तरच निवतें, ही समजूतहि अशीच चिवट आहे. पाणी एकदां जाऊन थांबत नाहीं, तें पुनः पुनः फिरतें; प्रवाह वाढला तर एकंदर उष्णता अधिकच बाहेर पडते.

१९६० च्या दशकांतील जुन्या गाड्या जपणाऱ्यांचें ज्ञान आम्हांस अधिक भरंवशाचें वाटतें. मोटार उभ्या उभ्या तापली तर पंखा पहा, आणि पंख्याभोंवतालचें आवरण कोणी काढून फेकलें आहे काय तें पहा. भर वेगांत तापली तर रेडिएटर पहा. वेगांत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच ओढावा लागतो.

रेडिएटरच्या टोपणाबद्दल मात्र दुमत नाहीं. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरप्रमाणेंच तें आंतला दाब वाढवितें, आणि चौरस इंचास १५ पौंडांच्या जादा दाबाखालीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२१ अंश सेल्सिअसला उकळतें. म्हणूनच तापलेल्या मोटारीचें टोपण उघडणें म्हणजे शिट्टी होत असतां कुकरचें झांकण ओढणें. घाटांत गाडी वाफाळली असतां उतावळेपणानें हात भाजून घेणारे आपल्याकडेहि आहेत.

पाव मैलाच्या शर्यतींतील लोक दोन धांवांच्या मध्यें इंजिनाच्या हवा घेणाऱ्या भागावर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. डॉज कंपनीनें हीच युक्ति कारखान्यांत नेली. २०१८ सालच्या चॅलेंजर डेमनमध्यें, शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ति देणाऱ्या त्या मोटारींत, एअरकंडिशनरचा गारवा सुपरचार्जरची हवा निववणाऱ्या द्रवाकडे वळविण्याची सोय होती. धांव चालू असे तोंवर तो गारवा इंजिनाचा, आणि चालविणारा आपला घाम पुशीत बसे.