‘सीआरएम मॅनेजर’ नेमके काय करतो? विक्री आणि तक्रार यांच्यामधील जबाबदारीचे पद

नवी दिल्ली : कर्जखात्यातून चुकीने कापलेल्या रकमेबाबत एका ग्राहकाने केलेली तक्रार तीन आठवडे प्रलंबित आहे आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच संस्थेकडून ‘आपल्यासाठी पूर्वमंजूर कर्ज’ असा संदेश त्याच्या मोबाईलवर येतो. विक्री विभागाला तक्रारीची गंधवार्ता नसते आणि तक्रार विभागाला विक्री मोहिमेची. ग्राहकाच्या लेखी मात्र संस्था एकच असते. ही फट बुजविणे हे ग्राहक संबंध व्यवस्थापकाचे, म्हणजेच ‘सीआरएम मॅनेजर’चे मूळ काम होय.

बँकेतील ‘रिलेशनशिप मॅनेजर’ आणि हे पद यांत अनेकदा गल्लत होते. रिलेशनशिप मॅनेजरकडे ठरावीक खातेदार सोपविलेले असतात व त्यांच्याशी तो प्रत्यक्ष व्यवहार करतो. सीआरएम व्यवस्थापकाच्या हाती सर्वच ग्राहकांची नोंदव्यवस्था असते. कोणाशी, केव्हा, कोणत्या मार्गाने संपर्क साधावा आणि कोणाशी साधू नये, याचे नियम तो ठरवितो.

या व्यवस्थेचा पाया 1990 च्या दशकात घातला गेला. 1993 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील सीबेल कंपनीने विक्रीच्या नोंदींसाठीची प्रणाली मोठ्या उद्योगांत रुजविली. 1999 मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने हीच सुविधा इंटरनेटवरून भाडेतत्त्वावर देऊ केली. चेन्नईतून वाढलेल्या झोहो आणि फ्रेशवर्क्स या कंपन्यांमुळे भारतातील लहान उद्योगांनाही अशी साधने परवडू लागली.

साधन विकत घेतल्याने प्रश्न सुटतो, हा समज मात्र फसवा आहे. आडनावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले गेले, जुना मोबाईल क्रमांक बदलला, एके ठिकाणी केवळ आद्याक्षरे नोंदली, की एकाच व्यक्तीचे तीन ग्राहक होतात. तिघांनाही संदेश जातात. तक्रार मात्र एकाच्याच नावावर राहते. अशा दुहेरी नोंदी शोधून एकत्र करणे हे या खात्यातील सर्वांत कंटाळवाणे आणि बहुधा सर्वांत मोलाचे काम आहे. त्यानंतरच शेवटची खरेदी केव्हा झाली, किती वेळा झाली, किती रकमेची झाली, या आधारे ग्राहकांचे गट पाडता येतात आणि कोण दुरावण्याच्या बेतात आहे, याचा अंदाज बांधता येतो.

या पदाचा कस सर्वाधिक लागतो तो बांधकाम व्यवसायात. मुंबई, पुणे, बेंगळुरू किंवा नोएडा येथील विकासकांकडे ‘सीआरएम’ म्हणजे घराची नोंदणी झाल्यानंतरचा संपूर्ण विभाग. करारनाम्याची नोंदणी, बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांची मागणीपत्रे, बँकेकडून कर्जवितरण आणि अखेरीस ताबा, ही सारी कामे याच विभागातून होतात. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार (रेरा) नोंदणीकृत विक्री करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. ताबा लांबला आणि खरेदीदाराने घर सोडले नाही, तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्याला द्यावे लागते. ताब्यानंतरही पाच वर्षांपर्यंतचे संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. त्यामुळे विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेली तारीख आणि करारनाम्यातील तारीख यांत अंतर असेल, तर ते पहिल्यांदा सीआरएम व्यवस्थापकाच्या टेबलावर उघडे पडते. एकीकडे वसुलीचे मासिक उद्दिष्ट, दुसरीकडे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणारे कुटुंब. प्रकल्पस्थळावरील अभियंत्याकडून खरी तारीख काढून घेऊन ती खरेदीदाराला वेळेवर सांगणारा व्यवस्थापक मालकाला क्वचितच आवडतो. पण दाव्यांची संख्या कमी होते ती त्याच्यामुळेच.

अन्य क्षेत्रांतही कायद्याने हे पद अधिक उत्तरदायी केले आहे. ई-वाणिज्य नियम, 2020 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावयाची आणि महिन्याभरात निवारण करावयाचे असते. बँकेने 30 दिवसांत समाधान न केल्यास ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो. व्यावसायिक संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदविणे बंधनकारक केले आहे. मजकुरातील एक शब्द नोंदलेल्या साच्याबाहेर गेला, तरी संदेश वाटेतच अडू शकतो. सणासुदीच्या तोंडावर अशी चूक किती महाग पडते, हे या क्षेत्रातील कोणालाही सांगावे लागत नाही.

या व्यवसायात येण्यासाठी एकच ठरावीक पदवी नाही. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेचे पदवीधर अधिक दिसतात. तथापि कॉल सेंटर, विक्री वा शाखा कार्यालयात उमेदवारी करून वर आलेले व्यवस्थापकही पुष्कळ आहेत. स्प्रेडशीटवर हात बसलेला असावा, विदासंचातून माहिती काढण्यासाठी एसक्यूएलची ओळख असावी आणि एखाद्या सीआरएम प्रणालीचे प्रमाणपत्र असल्यास उत्तम. काही कंपन्या आपल्या प्रणालीचे शिक्षण इंटरनेटवर विनामूल्य देतात. अनेक राज्यांत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत हिंदी-इंग्रजीसह एखादी प्रादेशिक भाषा उत्तम येणे ही जमेची बाजू ठरते, कारण चिडलेला ग्राहक बहुधा स्वतःच्याच भाषेत बोलतो.

एक्झिक्युटिव्ह, सहाय्यक व्यवस्थापक, व्यवस्थापक आणि विभागप्रमुख असा बढतीचा सर्वसाधारण क्रम आहे. त्याची पहिली पायरी मात्र अरुंद होत आहे. खात्यातील शिल्लक, पार्सलचा ठावठिकाणा यांसारखे प्रश्न चॅटबॉट हाताळू लागले आहेत आणि नवशिके उमेदवार ज्या कामातून ग्राहकाचा स्वभाव ओळखायला शिकत, तेच काम कमी होत चालले आहे. यंत्राने न सोडविलेली, गुंतागुंतीची प्रकरणेच माणसाकडे येतात. ती अननुभवी उमेदवाराच्या हाती कोणी देत नाही.

नवे काम मात्र कायद्यातून येत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधने 18 महिन्यांनंतर लागू होतील. ग्राहकाची संमती विशिष्ट हेतूपुरतीच घ्यावी लागेल आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे ठेवावे लागेल. विदेच्या सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पूर्वी घेतलेल्या संमतीबाबतही ग्राहकांना नव्याने सूचना द्यावी लागणार आहे. म्हणजे वर्षानुवर्षे साठविलेल्या यादीतील प्रत्येक क्रमांक कोठून आला आणि कशासाठी घेतला, हे आता सीआरएम विभागांना शोधून काढावे लागेल.