घरगुती बिअरची प्राथमिक साधने

बिअर हे मुळात घरातच तयार होणारे पेय होय. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून कित्येक शतके ती घरोघरी, बहुधा स्त्रियांच्या हातून तयार होत असे. पुढे मोठे कारखाने उभे राहिले, कर बसले आणि १८८० साली घरगुती बिअरलाही परवान्याची अट लागू झाली. ब्रिटनमध्ये ही अट १९६३ साली रद्द करण्यात आली. अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशी मोकळीक १९७८ साली मान्य केली. त्यानंतर या दोन्ही देशांत घरगुती बिअर हा एक लोकप्रिय छंद बनला, आणि या छंदाकडे वळणाऱ्या प्रत्येक नवशिक्यासमोर पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की, साधने कोणती घ्यावीत?

उत्तर देण्यापूर्वी कृती थोडक्यात पाहू. जवाला मोड आणून ते वाळविले म्हणजे माल्ट तयार होते. त्याचा घट्ट अर्क डब्यांतून मिळतो. नवशिक्याने त्यापासूनच सुरुवात करावी. हा अर्क पाण्यात मिसळून त्यात हॉप्सची कडवट फुले घालून उकळतात. मिश्रण थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत करते. एक-दोन आठवड्यांनी हे किण्वन संपले, की बिअर बाटल्यांत भरतात. उकळण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे मोठे पातेले आणि लांब दांड्याचा डाव पुरेसा असतो. ही भांडी बहुतेक घरांत असतातच. पैसे खर्च करावयाचे ते पुढील साधनांवर.

किण्वनाचे भांडे : ब्रिटनमध्ये एका वेळी साधारणतः २३ लिटर बिअर करण्याची प्रथा आहे. किण्वनाच्या वेळी वर भरपूर फेस येत असल्यामुळे त्यासाठी सुमारे ३० लिटरची, खाद्यपदार्थांसाठी बनविलेल्या प्लास्टिकची झाकणाची बादली घ्यावी. ती तारेच्या घासणीने कधीही घासू नये, कारण ओरखड्यांत जंतू दडून राहतात. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा शिशाची झिलई असलेले जुने मातीचे भांडे सर्वथा वर्ज्य समजावे. बिअर आम्लधर्मी असल्याने हे धातू तीत विरघळतात, आणि शिसे तर विषारीच आहे. झाकणाला पाणी भरलेली एक छोटी वाकडी नळी बसवितात. आतील वायू तिच्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही.

तापमापक : उकळत्या रसात यीस्ट टाकले तर ते तत्काळ मरते. एल या प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास चांगले काम करते. बोट बुडवून हा अंदाज घेता येत नाही, शिवाय रसात जंतूही शिरतात.

घनतामापक : हायड्रोमीटर या नावाने ओळखले जाणारे हे काचेचे साधे उपकरण रसात तरंगते. रसात साखर जितकी अधिक, तितके ते वर राहते. इंग्लंडमधील जॉन रिचर्डसन यांनी १७८४ साली बिअरच्या व्यवसायात त्याच्या वापराचा पुरस्कार केला, आणि अनुभवावर चाललेल्या या कामात मोजमाप आले. प्रारंभी १.०४० असलेली विशिष्ट घनता किण्वनानंतर १.०१० वर आली, तर बिअरमध्ये सुमारे ४ टक्के अल्कोहोल तयार झाले असे समजावे. परंतु या उपकरणाचे खरे महत्त्व निराळेच आहे : किण्वन संपले की नाही, हे केवळ तेच खात्रीने सांगते.

हे समजणे इतके महत्त्वाचे का, ते बाटल्या भरताना कळते. बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत लिटरमागे ५ ते ६ ग्रॅम साखर घालतात. यीस्ट तिच्यापासून वायू बनविते आणि तो बंद बाटलीत कोंडून राहतो. मूळचीच साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या, तर दाब वाढत जाऊन काच फुटते आणि तिचे तुकडे दूरवर उडतात. म्हणून दोन-तीन दिवस घनता स्थिर राहिल्याशिवाय बाटल्यांना हात लावू नये. बाटल्याही बिअरच्याच, जाड काचेच्या असाव्यात. सरबताच्या पातळ बाटल्या हा दाब सोसत नाहीत. तपकिरी काच उत्तम, कारण प्रकाशाने बिअरला दुर्गंधी येते. भरण्यासाठी एक लवचिक नळी आणि बुचे बसविण्याचा हातयंत्रा एवढे पुरते.

जंतुनाशक : बिअर बिघडते ती परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. भांडे धुणे आणि ते निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. धुतल्याशिवाय निर्जंतुकीकरण साधत नाही. थंड झालेल्या रसाला जे जे स्पर्श करील, ते ते निर्जंतुक असलेच पाहिजे. क्लोरीनयुक्त द्रव वापरल्यास तो व्हिनेगरसारख्या आम्लात कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

झारखंडमधील स्त्रिया तांदळाची हंडिया यांपैकी कोणत्याही मापकाविना तयार करतात, ही गोष्ट खरी. पण त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो, आणि ते पेय बाटलीत कोंडून न ठेवता ताजेच प्यायले जाते. नवशिक्यापाशी तो अनुभव नसतो. त्याची उणीव तापमापक आणि घनतामापक भरून काढतात. म्हणून हाती पैसा थोडा असेल, तर पातेले लहान घ्यावे, बिअर ५ लिटरच करावी. पण ही दोन उपकरणे आणि जंतुनाशक यांत काटकसर करू नये.

भारतातील वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मद्यनिर्मितीचे कायदे येथे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनविणे हा गुन्हा आहे, मग ती स्वतःसाठी का असेना. तेव्हा साधनांच्या यादीआधी आपल्या राज्याचा कायदा पाहणे हेच पहिले काम ठरते.