प्रत्यक्ष भूमिकाक्रीडांतील नियमपालट आणि खेळाडूंचा समतोल : एक भाषिक विचार

लहान मुलांच्या खेळात वयाने अगदी लहान असलेल्या भिडूस 'कच्चे लिंबू' ठरविण्याची रीत मराठी घरांत सुपरिचित आहे. त्याने पळावे, लपावे, ओरडावे. पण तो बाद होत नाही व त्याच्यावर राज्यही येत नाही. ही सवलत कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नसते. खेळ सुरू होण्यापूर्वी कोणीतरी ते दोन शब्द उच्चारतो, इतर भिडू त्यांस मान देतात आणि त्या क्षणापासून एकाच खेळात दोन प्रकारचे नियम नांदू लागतात. बलाबलाचा प्रश्न शब्दाने सोडविण्याची हीच युक्ती पाश्चात्त्य देशांतील एका आधुनिक क्रीडाप्रकारात फार मोठ्या प्रमाणावर योजिली गेली आहे. त्या क्रीडाप्रकारातील नियमपालटाचा भाषिक दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ह्या क्रीडाप्रकारास इंग्रजीत 'लाइव्ह ॲक्शन रोलप्लेइंग' व संक्षेपाने 'लार्प' असे म्हणतात. मराठीत त्यास 'प्रत्यक्ष भूमिकाक्रीडा' म्हणता येईल. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या खेळात खेळाडू मेजाभोवती बसून आपापल्या पात्राची कृती शब्दांनी सांगत आणि तिचे फळ फाशांच्या दानावरून ठरत असे. प्रत्यक्ष भूमिकाक्रीडेत खेळाडू स्वतःच पात्राचा वेष धारण करून मैदानात उतरतो. त्या पात्राच्या तोंडी शोभेल असे बोलतो आणि वेळप्रसंगी मऊ आवरण घातलेल्या शस्त्राने लढतो. अमेरिकेत मेरीलँड परिसरात १९७७ मध्ये सुरू झालेला 'डॅगोरहिर' आणि इंग्लंडमध्ये चेशरमधील पेकफर्टन किल्ल्यात १९८२ मध्ये सुरू झालेला 'ट्रेझर ट्रॅप' हे ह्या प्रकाराचे आरंभीचे ठळक नमुने होत.

मेजावरून मैदानात आल्याबरोबर नियमांचे स्वरूप पालटले. मेजाजवळ एक सूत्रधार असतो व प्रत्येक कृती त्याच्या समक्ष घडते. मैदानात शेकडो खेळाडू एकाच वेळी झुंजत असता प्रत्येक घाव पाहील असा पंच मिळणे शक्य नसते. म्हणून घाव बसला की नाही, हे ज्याला तो बसला त्यानेच ठरवावयाचे आणि त्याप्रमाणे वागावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. डॅगोरहिरमध्ये हातावर घाव बसल्यास तो हात निकामी मानावा, पायावर बसल्यास गुडघ्यावर यावे आणि दोन अवयव गमावल्यास मृत समजून बाजूस व्हावे, असा नियम आहे. ह्या नियमाची अंमलबजावणी मार खाणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

येथे भाषाविचारातील दोन कल्पना उपयोगी पडतात. जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९५५ मधील व्याख्यानांतून (ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली) असे प्रतिपादन झाले, की काही उक्ती केवळ वर्णन करीत नाहीत, तर त्या उच्चारण्यानेच एखादी कृती घडते. तथापि तसे घडण्यास ऐकणाऱ्याने ती उक्ती ओळखून स्वीकारणे आवश्यक असते. जॉन सर्ल ह्यांनी १९६९ मध्ये नियमांचे दोन वर्ग कल्पिले. आधीच अस्तित्वात असलेल्या व्यवहाराला वळण लावणारे नियम ते नियामक; आणि ज्यांच्यावाचून तो व्यवहारच संभवत नाही, ते घटक नियम. भूमिकाक्रीडेतील 'मृत्यू' हा सर्वस्वी घटक नियमांनी निर्माण केलेला व्यवहार आहे. म्हणून अशा खेळात नियम बदलणे म्हणजे वास्तविक ते जगच काही अंशी नव्याने घडविणे होय.

समतोल ह्या शब्दाचेही दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक बळाचा समतोल, म्हणजे कोणतेही शस्त्र किंवा शक्ती इतरांस निरर्थक करण्याइतकी प्रबळ नसणे. दुसरा सहभागाचा समतोल, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला काही अर्थपूर्ण कर्तृत्व येणे. पहिल्याचे सोपे उदाहरण डॅगोरहिरमधील ढालीचे आहे. ढाल बाळगणारा खेळाडू सहज वरचढ ठरतो. म्हणून दोन हातांनी चालविण्याच्या जड शस्त्राचे दोन भक्कम घाव बसल्यास ढाल मोडली असे मानण्याचा नियम आहे. हे शस्त्र चालविणाऱ्यास दोन्ही हात गुंतवावे लागत असल्याने त्याला स्वतःला ढाल धरता येत नाही. अशा रीतीने बळाची किंमत उणिवेने चुकती केली जाते.

दुसऱ्या एका परंपरेत प्रत्येक घावाबरोबर त्याच्या तीव्रतेचा आकडा मोठ्याने उच्चारावा लागतो. अमेरिकेतील 'नीरो' ही ह्या पद्धतीची प्रसिद्ध संघटना होय. पात्र जसजसे अनुभवी होते, तसतसा त्याचा आकडा वाढतो. तो सोसण्यासाठी प्रतिपक्षाचे बळ वाढवावे लागते. आणि वाढलेल्या प्रतिपक्षापुढे नवख्या खेळाडूचा लहान आकडा केवळ ध्वनी उरतो. भाषेच्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. आदरार्थी शब्द अतिवापराने झिजतात व त्यांच्या जागी अधिक भारदस्त शब्द आणावे लागतात. मराठीत 'तुम्ही' पुरेसे वाटेनासे झाले, तेथे 'आपण' आले. वाढत्या आकड्यांची गोष्ट तीच आहे : सर्वांचीच पायरी उंचावली म्हणजे कोणीच उंच राहत नाही, मात्र जो खालीच राहिला, तो पूर्वीपेक्षा अधिक खाली जातो.

इंग्लंडमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या 'एम्पायर' ह्या खेळात ह्या अडचणीचा परिहार वेगळ्या रीतीने केलेला दिसतो. साध्या घावास तेथे कोणताही आकडा उच्चारावा लागत नाही. नवख्याचा घाव व मुरलेल्याचा घाव सारखाच मोजला जातो. विशेष परिणामासाठी मात्र ठरावीक शब्द आहेत. 'क्लीव्ह' म्हटल्यास घाव बसलेला अवयव निकामी होतो, 'शॅटर' म्हटल्यास घाव बसलेली वस्तू भंगते. योद्ध्याजवळ असे शब्द वापरण्यास लागणारा साठा मर्यादित असतो. अनुभवाने शब्द मिळतो, पण त्याचा उच्चार वारंवार करता येत नाही. म्हणूनच त्याचे मूल्य टिकते.

शब्द व बळ ह्यांची सर्वांत विलक्षण सांगड 'माइंड्स आय थिएटर' ह्या १९९३ पासूनच्या नियममालेत आढळते. येथे शस्त्रांचा प्रहार नाही. संघर्षाचा निकाल दगड-कागद-कात्री ह्या हस्तमुद्रांनी लागतो. पात्राचे गुण विशेषणांच्या रूपाने लिहिलेले असतात. आव्हान देताना त्यांपैकी एक विशेषण वाक्यात गुंफून पणास लावावयाचे आणि हरल्यास ते गमवावयाचे. मुद्रा सारख्या आल्या तरच दोघांची विशेषणे मोजतात व ज्याची अधिक तो जिंकतो. मुद्रा यदृच्छेने पडतात असे धरल्यास जय, पराजय व बरोबरी ह्यांची शक्यता प्रत्येकी १/३ असते; म्हणून अधिक विशेषणे असलेल्या पात्राच्या जयाची शक्यता २/३ होते. विशेषणांतील फरक एकाचा असो वा दहाचा, ही शक्यता बदलत नाही. दुर्बलास १/३ संधी कायम ठेवणारी ही रचना मोठी उदार आहे. परंतु फेरपरीक्षेचा हक्क जोडताच ती बदलते. केवळ बलवानाजवळ असा एक हक्क असल्यास त्याच्या जयाची शक्यता ८/९ होते आणि दुर्बलाजवळ १/९ उरते. एका लहानशा पुरवणी-नियमाने मूळ नियमाचे औदार्य कसे नाहीसे होते, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

उत्तर युरोपातील खेळाडूंनी सहभागाच्या समतोलावर अधिक भर दिला. १९९७ मध्ये ऑस्लो येथे 'क्नुटेपुंक्ट' ह्या परिषदांची परंपरा सुरू झाली. १९९९ मध्ये आयरिक फाटलँड व लार्स विंगोर्ड ह्यांनी 'डॉग्मा ९९' हा जाहीरनामा मांडला. खेळाला एकच मुख्य कथानक असू नये व कोणतेही पात्र केवळ दुय्यम असू नये, असे निर्बंध त्यात आहेत. आकडे समान करण्याऐवजी भूमिकांचे महत्त्व समान करावे, हा त्यामागील विचार. ह्याच परंपरेत खेळ थांबविण्यासाठी 'कट' व त्याची तीव्रता उतरविण्यासाठी 'ब्रेक' अशा अर्थाचे संकेतशब्द दृढ झाले. आपल्या मुलांच्या 'टाइमप्लीज'शी त्यांचे नाते उघड आहे. सर्वांत दुबळ्या पात्राच्या तोंडूनही हा शब्द तितक्याच सामर्थ्याने चालतो.

आता नियमपालट कोठे यशस्वी होतो व कोठे फसतो, हे पाहता येईल. पहिली कसोटी लाघवाची : नियमाचा शब्द धावत्या माणसाला एका श्वासात उच्चारता आला पाहिजे. दुसरी कसोटी श्राव्यतेची : गोंगाटात दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू आल्यास ऐकणाऱ्याचा प्रामाणिकपणाही निष्फळ ठरतो. तिसरी कसोटी रूढीची : पुस्तकातील नियम एका दिवसात बदलतो, परंतु जुन्या खेळाडूंच्या जिभेवर व अंगवळणी जुनाच नियम काही काळ नांदतो, जसा शुद्धलेखनाचा नवा नियम लागू झाल्यावरही जुने लेखन लेखणीतून उतरत राहते. म्हणून एकाच वेळी अनेक नियम पालटण्यापेक्षा थोडे पालटणे आणि तेही दोन खेळांच्या मधल्या काळात जाहीर करणे श्रेयस्कर.

चौथी कसोटी सर्वांत कठीण आहे. ज्या खेळाडूने अनेक वर्षे खपून आपल्या पात्राचे बळ मिळविले, त्याला समतोलासाठी केलेला बदल जप्तीसारखा वाटतो. उलट तो बदल न केल्यास नवखा खेळाडू प्रेक्षक होऊन उभा राहतो व पुढच्या खेळास येत नाही. दोघांची तक्रार खरी असते. परंतु मिळविलेले बळ ज्यांच्यापुढे दाखवावयाचे, ते भिडूच उरले नाहीत, तर त्या बळाला अर्थ राहत नाही. नवख्याने 'मला लागले' असे म्हटल्यावाचून मुरलेल्याचा घाव घाव ठरत नाही.

सारांश, प्रत्यक्ष भूमिकाक्रीडेतील समतोल केवळ आकडेमोडीने साधत नाही. नियम उच्चारला गेला पाहिजे, ऐकला गेला पाहिजे आणि ऐकणाऱ्याने तो आपणहून पाळला पाहिजे. नियमपालटाचा विचार करणाऱ्याने कोणाचे बळ किती वाढते ह्याबरोबरच कोणाच्या शब्दाला किती वजन उरते, हेही तपासावे. 'कच्चे लिंबू' ठरलेल्या मुलास खेळात ठेवण्यासाठी इतर भिडूंनी आपल्या हक्काचा थोडा भाग सोडलेला असतो. मोठ्यांच्या खेळांतील नियमपालटाचे कोडेही अखेरीस ह्याच सोडण्याच्या तयारीपाशी येऊन थांबते.