सलामी देणे आणि जोहार घालणे

मराठीत सॅल्यूट ठोकतात, मानवंदना देतात. जोहार मात्र घालावा लागे. हा फरक केवळ क्रियापदांचा नाही.

लष्करात कनिष्ठाने आधी सॅल्यूट करायचा आणि वरिष्ठाने त्याला उत्तर द्यायचेच, असा रिवाज आहे. उत्तर न देणे ही अधिकाऱ्याची बेशिस्त. शिवाय तो सॅल्यूट त्या माणसाला नसतो, त्याच्या अधिकारपदाला असतो. 'सलाम' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शांती. त्यालाही उलट सलामाचे उत्तर आहेच.

गावगाड्यातल्या जोहाराला असे बंधन नव्हते. म्हाताऱ्या महाराने वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे आणि पाटलाच्या पोराने हुंकार दिला तर दिला. महाराने 'रामराम' म्हटले तर तोच गुन्हा! हे वंदन पदाला नव्हते, जातीला होते. म्हणून पलटणीची ओढ निव्वळ पगाराची नव्हती. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा भाकरीबरोबर हा मानही गेला. तो परत मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली सरकारकडे अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये.

पण पलटणीबाहेर हुद्दा चालत नसे. रामजी सकपाळ सुभेदार होते. त्यांची नीटनेटके कपडे घातलेली मुले 1901 साली मसूर स्टेशनवर उतरली. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर प्रेमाने बोलला. 'महार' हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. त्या मुलांतले एक म्हणजे भीमराव.

त्याच बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी मानवंदना दिली. स्तंभावर कोरलेल्या 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. वेशीत जोहार घालणाऱ्यांचीच ती नावे.

आपल्या लोकांनी पुढे जोहार टाकला आणि 'जयभीम' स्वीकारला. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. जयभीमला जयभीमनेच उत्तर मिळते, मग समोर साहेब असो की सफाई कामगार.

तरीही काही वर्तमानपत्रे 2 जानेवारीच्या अंकात 'लाखोंनी विजयस्तंभाचे दर्शन घेतले' असे छापतात. दर्शन देवाचे घेतात. कोरेगावला लोक सैनिकांना मानवंदना द्यायला जातात. बातमी देणाऱ्यांनी एवढे तरी नीट लिहावे.