वैद्यकविद्येची दुसरी शाळा

वैद्यकाचा अभ्यास म्हटला म्हणजे जाड पुस्तकें, शवविच्छेदनाची खोली आणि रुग्णालयांतील खाटा हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं खोटीं नव्हेत; परंतु अपुरीं आहेत. खाटेवर निजलेला रोगी डॉक्टरास दिसतो, पण तो ज्या घरांतून आला तें घर दिसत नाहीं. आणि पुष्कळदां रोगाचें मूळ त्या घरांतच असतें.

एक साधें उदाहरण घेऊं. समजा, एखादी बाई रक्तक्षयानें फिकी पडून दवाखान्यांत आली. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. तिनें त्या नेमानें घेतल्या, तरी महिन्यानें ती आली ती तशीच! तिच्या घरीं जाऊन पाहिलें असतें तर कळलें असतें कीं, ती गोळी चहाबरोबर घेते, आणि चहामुळें लोह अंगीं लागण्यास अडथळा येतो. शिवाय सर्वांचीं जेवणें झाल्यावर भांड्यांत जें उरेल तें तिच्या वांट्यास येतें. ही गोष्ट कोणत्याहि रक्ततपासणींत उमटत नाहीं.

ह्यासाठींच कांहीं संस्थांनीं खेडें हीच दुसरी शाळा मानिली. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर ह्यांनीं इ. स. १९६९ सालीं, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केलें. तेथें पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यांत सुमारें १५ दिवस शिबिर करून राहतात. प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात. घरांत माणसें किती, पाणी कोठून येतें, ताटांत काय पडतें, मुलांस लसी टोंचल्या कीं नाहीं, हें तो विचारतो व लिहून घेतो. शिबिर उठलें तरी संबंध तुटत नाहीं. पुढेंहि तो त्या घरीं जात राहतो. वेल्लोर येथें इ. स. १९१८ सालीं स्त्रियांकरितां वैद्यकशाळा काढणाऱ्या डॉ. आयडा स्कडर ह्याहि खेड्यांच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेलाच रोगी तपाशीत असत. इ. स. २०२२ पासून तर कुटुंबें दत्तक घेण्याची ही पद्धति देशांतील वैद्यकीय अभ्यासक्रमांतच आली आहे.

परंतु येथें एक धोका आहे. वही भरली, गुण मिळाले आणि तें घर विसरलें, तर ती सेवा नव्हे. गरिबाचें घर म्हणजे प्रदर्शन नव्हे. रक्त तपासलें तर त्याचा निकाल सांगावा. आजार आढळला तर दवाखान्यापर्यंत सोबत जावें. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊं नये. आणि जें आपल्या हातून होणार नाहीं त्याचें वचन देऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतून पुढें कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका. खेड्यांत घालविलेले दिवस अभ्यासांतून वजा झाले असें पालकांनीं मानूं नये. ते जमेच्या बाजूस मांडावयाचे आहेत. "गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या," हें त्या बाईला कोणीहि सांगेल. पण "हिची भाकरी आधीं बाजूला काढून ठेवा," असें तिच्या सासूबाईंना सांगावयाचें, तर आधीं उंबऱ्याबाहेर वहाणा काढून त्यांच्या चुलीपाशीं बसावें लागतें, आणि त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें.