मुलांसोबत चॉकलेटी फळं: पाक नको, कंपाऊंड घ्या

सुट्टीत मुलांची कार्यशाळा घ्यायचीय? फळांवर काचेसारखा साखरेचा पाक चढवायचे व्हिडिओ बघून तोच बेत आखू नका. तो पाक 150 अंशांच्या आसपास तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. चार वर्षांच्या पोराजवळ ती कढई नकोच.

त्याऐवजी कंपाऊंड चॉकलेट घ्या. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाडगं ठेवून तुम्हीच वितळवा, कोमट झालं की मुलांपुढे ठेवा. केळ्याचे जाड काप आइस्क्रीमच्या चपट्या काडीला लावून आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवले, तर बुडवल्या बुडवल्या चॉकलेट घट्ट होतं. मुलांना वाट बघवत नाही ना!

खरी मेख पाण्यात आहे. स्ट्रॉबेरी वापरलीत तर धुऊन अगदी कोरडी पुसा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडं जरी पाणी गेलं तरी त्याचा रवाळ गोळा होतो. वाडगं वाया, नफाही. द्राक्षं लहानग्यांसाठी टाळाच: अख्खं घशात अडकू शकतं, चिरलं की पाणी सुटतं.

नावनोंदणीतच दूध, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारा. फी फळांच्या भावावर काढू नका, पालक त्या तासाचे पैसे देतात. आणि हाच माल पुढे विकायचा असेल, तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.