घरांत आलेला नवरंग

रोहिणी नक्षत्र सरत येतें, मृगाचे पहिले ढग दिसूं लागतात आणि त्याच सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत दुरून आलेला एक पाहुणा उतरतो. त्याचें नांव नवरंग. लांबी सुमारें १९ सेंटिमीटर, वजन पन्नास-साठ ग्रॅम, शेंपूट आंखूड. परंतु रंगांची श्रीमंती मोठी. पाठ हिरवी, पोट बदामी, गळा पांढरा, डोळ्यांवरून काळा पट्टा, पंखांवर चकाकता निळा डाग आणि शेंपटीखालीं लालभडक रंग. पहाटे आणि सायंकाळीं तो दोन सुरांची शीळ घालतो. म्हणून तमिळ लोकांनीं त्याला 'सहा वाजतांचा पक्षी' असें नांव दिलें आहे.

हा पक्षी हिंवाळा दक्षिण भारतांत व श्रीलंकेंत घालवितो आणि घरटें करण्यासाठीं पावसाच्या तोंडावर मध्य भारतांतील रानांत येतो. एवढा मोठा प्रवास तो रात्रीं करितो. वाटेंत थकलेले नवरंग माणसांच्या घरांत शिरल्याचे दाखले अनेक ठिकाणीं मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाचें अरण्य आहे. १९८२ सालीं चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनानें व्यापलेला आहे. अशा प्रदेशांत रानाची सीमा पुष्कळदां परसाच्या कुंपणापाशींच येऊन ठेपते. तेव्हां असा पाहुणा केव्हां तरी दारांत यावयाचाच.

पण रानचा पक्षी घरांत शिरतोच कां? माणसाचा आश्रय मागावयास तो येत नाहीं. त्याला ओढून आणतो तो उजेड. रात्रीं प्रवास करणारे पक्षी तारकांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारानें दिशा ओळखतात. आकाश झांकोळलें, धुकें दाटलें आणि खालीं विजेचे दिवे लखलखूं लागले, कीं हें गणित बिघडतें. आसामांतील जटिंगा गांवीं सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अंधाऱ्या, धुक्याच्या रात्रीं पक्षी दिव्यांकडे झेपावतात. लोक याला पक्ष्यांची आत्महत्या म्हणत. पण ती दिशाभूल आहे. न्यूयॉर्क शहरांत ११ सप्टेंबर २००१ च्या आपत्तीच्या स्मरणार्थ दरसाल प्रकाशाचे दोन प्रचंड झोत आकाशांत सोडतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, या झोतांत हजारों पक्षी घिरट्या घालीत राहतात आणि दिवे विझवितांच थोड्याच मिनिटांत ही दाटी ओसरते. दिवा मालवणें हा पक्ष्याला सोडविण्याचा पहिला उपाय कां, हें यावरून ध्यानांत येईल.

आंत आलेल्या पक्ष्याला आलेली वाट पुन्हां कां सांपडत नाहीं, हा दुसरा प्रश्न. भ्यालेला पक्षी वर उडतो आणि उजेडाकडे जातो. उघड्या आकाशाखालीं ही रीत त्याचे प्राण वांचविते. घरांत मात्र वर छत असतें आणि बाहेर जाण्याचें दार त्याच्या खालीं राहतें. कांच त्याला दिसत नाहीं, आरशांत त्याला आणखी एक मोकळी खोली दिसते आणि छताशीं विजेचा पंखा फिरत असतो. अशा वेळीं घरचीं माणसें केरसुणी किंवा टॉवेल घेऊन धांवूं लागलीं, तर मदतीच्या बुद्धीनेंच त्या जिवाचा अंत होतो.

ज्या घरीं प्राणी पाळलेले असतात, तेथें धोका अधिक. नवरंग मुख्यतः जमिनीवर वावरणारा पक्षी. थकला म्हणजे तो कोपऱ्यांत किंवा कपाटाखालीं बसून राहतो, आणि मांजराला यापेक्षां सोपें सावज कोणतें? मांजराच्या दांतांची जखम सुईच्या टोंकाएवढी असली तरी तिच्यांतून शिरलेले जंतु पक्ष्याचा प्राण घेऊं शकतात. म्हणून मांजर किंवा कुत्रा यांना प्रथम दुसऱ्या खोलींत कोंडावें. घरीं पिंजऱ्यांतले पक्षी असल्यास त्यांच्या शेजारीं या पाहुण्याला ठेवूं नये. रोग एकाचा दुसऱ्याला लागतो.

मग करावें तें काय? आधीं पंखा बंद करावा. आरसा चादरीनें झांकावा. दिवस असेल तर घरांतले दिवे मालवून इतर खिडक्यांवर पडदे ओढावे, एकच खिडकी किंवा दार सताड उघडें ठेवावें आणि सर्वांनीं खोलीबाहेर जावें. पक्षी धडधाकट असेल तर बहुधा तो आपण होऊन त्या एकाच उजेडाकडे जाईल. रात्र असेल, किंवा पक्षी उडत नसेल, तर त्याच्यावर हलकें फडकें टाकून दोन्ही हातांनीं अलगद उचलावें. छाती मात्र दाबूं नये. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचें हाड पुढें-मागें हाललें तरच त्याचा श्वास चालतो. भोकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापड अंथरून त्यांत त्याला ठेवावें आणि खोकें अंधाऱ्या, शांत जागीं असूं द्यावें. चोंचींत पाणी ओतूं नये. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असल्यानें तें फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. उजाडल्यावर झाडींत नेऊन खोकें उघडावें. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा मांजराचा दांत लागला असेल, तर विनाविलंब वनविभागास कळवावें.

इतका देखणा पक्षी पाहून मुलें तो पाळण्याचा हट्ट धरतील. पण नवरंग पेरू-मिरची खाणारा पोपट नव्हे. पाचोळा उलथून किडे आणि गांडुळें टिपणें हें त्याचें जेवण. पिंजऱ्यांतल्या वाटींत धान्य भरलें तरी तो उपाशीच मरेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें असे पक्षी घरीं कोंडणें हा गुन्हा आहे. कायद्याहूनही मोठी गोष्ट दुसरीच. तो आला आहे घरटें बांधावयास. जमिनीवर किंवा ठेंगण्या फांदीवर गवत आणि पानें रचून तो चेंडूसारखें गोल घरटें करितो. त्यांत साधारण चार-पांच अंडीं असतात. एक पक्षी पिंजऱ्यांत अडकला कीं एका घरट्याचा पावसाळा वायां जातो.

ज्याची येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. या अतिथीला ना पान हवें, ना पाट. घटकाभर अंधार, थोडी शांतता आणि जावयास एक उघडी वाट, एवढाच त्याचा पाहुणचार. आणि तो ज्या घरीं नीट झाला, त्या घराला पहाटेच्या रानांतून एक शीळ पुन्हां ऐकूं येण्याची आशा राहते.